गोठ्याजवळच्या दोन सापळ्यांवरून सहा एकरांचा निर्णय करू नका

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात आमचं सहा एकरांचं सलग वावर आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात बीटी कपाशी टोबली, आता पीक तीन महिन्यांचं आहे. वावराच्या पूर्वेला घर आणि गोठा, पश्चिमेला नाला. गोठ्यामागे मागच्या सालच्या पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा) ढीग आहे, चुलीला लागते म्हणून ठेवलेला. गुलाबी बोंडअळीसाठी दोन कामगंध सापळे आणले आणि रोज पाहायला सोपे जातील म्हणून गोठ्याजवळच्या धुऱ्यावर (बांधावर) लावले. सलग तीन रात्री एका सापळ्यात ११, ९ आणि १२ पतंग आले. त्याच बाजूची २० बोंडं फोडली, तर ५ बोंडांत अळी निघाली. शेजाऱ्याने सगळ्या वावरात फवारा मारून घेतला. कृषी केंद्रवाला म्हणतो, दोन औषधं मिसळून सहाही एकर फवारा. नाल्याकडे मात्र पीक चांगलं दिसतं. सगळं फवारावं की अर्धं? अर्धं फवारलं तर अळी उरलेल्या अर्ध्यात जाईल का?

उत्तर :

भाऊ, तुमची मोजणी खोटी नाही, पण ती सहा एकरांची नाही. पऱ्हाटीचा ढीग, गोठा, धुरा आणि दोन सापळे हे सगळं एका कोपऱ्यात आहे. तिथे जे निघालं ते त्या कोपऱ्याचं चित्र आहे. नाल्याकडे अळी नाही असं यावरून म्हणता येत नाही, आणि आहे असंही म्हणता येत नाही. म्हणून आजच औषध आणू नका. उद्याची एक सकाळ मोजणीला द्या. संध्याकाळपर्यंत कुठे फवारायचं, कुठे नाही, हे तुम्हीच सांगू शकाल.

आधी गुलाबी बोंडअळी वावरात पसरते कशी, ते बघू. मागच्या हंगामातल्या अळ्या पऱ्हाटीला लटकलेल्या किडक्या बोंडांत आणि सरकीत दडून उन्हाळा काढतात. पाऊस पडला की त्यांचे पतंग निघू लागतात आणि जवळ जे पातीला (कळ्यांना) आलेलं पीक असेल त्यावर मादी अंडी घालते. मादीला शंभर पावलांवर पाती मिळाली तर ती एक कोस कशाला उडेल? त्यामुळे पहिल्या पिढीचा प्रादुर्भाव उगमाच्या आसपास दाट आणि लांब जाल तसा विरळ असतो. ऑगस्टमध्ये गोठ्याकडच्या तासांत (पिकाच्या ओळींत) पाकळ्या एकमेकींना चिकटलेली, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं दिसली असतील, तर ती डोमकळी म्हणजे याच पिढीची खूण. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण महिना जातो. दुसरी पिढी ढिगातून येत नाही, ती तुमच्याच वावरातल्या बोंडांतून निघते आणि तिथून चारही बाजूंना पसरते. म्हणून सप्टेंबरात एका बाजूला गोळा झालेली कीड ऑक्टोबर-नोव्हेंबरात वावरभर सारखी होते. अर्ध्या वावराच्या फवाऱ्यात अर्थ आहे तो या मधल्या थोड्या दिवसांतच. तुम्ही नेमक्या त्याच दिवसांत आहात, म्हणून तुमचा प्रश्न वेळेवर आला आहे.

आता मोजणी. सहा एकर म्हणजे साधारण १५० मीटर बाय १६० मीटर. वावराचे सहा प्लॉट पाडा, प्रत्येकी एक एकराचा. गोठ्याकडे दोन, मध्ये दोन, नाल्याकडे दोन. कोपऱ्यांवर तुराट्या रोवून त्यांना चिंध्या बांधा. वहीच्या पानावर नकाशा काढा आणि गोठ्याकडून नाल्याकडे जात प्लॉटना १ ते ६ नंबर द्या. घर, ढीग, नाला, शेजाऱ्याची कपाशी, त्याने ती कधी टोबली, हे सगळं त्याच पानावर लिहा. शेजाऱ्याची कपाशी ओलिताची आणि तुमच्या आधी फुलावर आलेली असेल तर तो धुरासुद्धा ढिगासारखाच उगम समजायचा. जवळ जिनिंग (कापसातून सरकी काढायचा कारखाना) असेल तर तीही नकाशावर दाखवा.

प्रत्येक प्लॉटमधून २० बोंडं घ्यायची, पण २० वेगवेगळ्या झाडांवरून, झाडामागे एकच. दहा झाडांची दोन-दोन बोंडं घेतली तरी आकडा २० होतो, पण माहिती कमी मिळते. एकाच झाडावर मादीने दोन-तीन ठिकाणी अंडी घातलेली असतात, त्यामुळे दुसरं बोंड बहुतेक पहिल्याचीच गोष्ट सांगतं. कीड गोळ्यागोळ्याने असली की जास्त जागी थांबायचं आणि एका जागी थोडं मोजायचं, हा साधा हिशेब.

धुऱ्याकडची पहिली पाच तासं सोडून आत शिरा. तासातून दहा पावलं चाला, थांबा, उजव्या हाताला जे झाड येईल त्याचं बोंड तोडा. दोन थांबे झाले की चार-पाच तासं ओलांडून पुढच्या तासात शिरा आणि नागमोडी जा. झाड आणि बोंड निवडायला डोळा वापरू नका. हात आपोआप वाकड्या, डाग पडलेल्या बोंडाकडे जातो आणि आकडा फुगतो. काही जणांचं उलटं होतं, ते टपोरी, देखणी बोंडं तोडतात. पंधरा ते वीस दिवसांचं, हिरवं, बोटाने दाबलं तर किंचित दबणारं बोंड हवं. कडक झालेल्या बोंडात नवी अळी सहसा शिरत नाही आणि अगदी कोवळ्यात सापडली तरी ती इतकी बारीक असते की नजरेतून सुटते.

बोंड बाहेरून पाहून काहीच कळत नाही. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढ्या छिद्रातून आत जाते आणि बोंड वाढताना ते छिद्र बुजतं. म्हणून फोडायलाच हवं. विळ्याने उभं चिरण्यापेक्षा दोन तळव्यांत दाबून तडकवा, म्हणजे अळी कापली जात नाही. सालीची आतली बाजू बघा. तिथे बारीक फोडासारखी गाठ असेल तर अळी तिथून आत गेली. कप्प्यांमधल्या पडद्याला गोल छिद्र असेल तर ती एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकली. मग सरकी दाबून पाहा. पांढुरकी, काळपट-तपकिरी डोक्याची बारीक अळी म्हणजे नुकती शिरलेली. गुलाबी पट्ट्यांची, अर्ध्या इंचाजवळ गेलेली अळी म्हणजे तिचं खाणं संपत आलं. आणि सालीवर आरपार, कापल्यासारखं गोल भोक असून आत अळी नसेल तर ती बाहेर पडून मातीत कोषात गेली. वहीत तीन रकाने करा : बारीक, मोठी, भोक पाडून गेलेली. हे तीन रकाने पुढे औषधाच्या वेळेसाठी लागतील.

फोडलेली बोंडं वावरात टाकू नका. पिशवीत भरून घरी न्या आणि उकळत्या पाण्यात घाला.

धुऱ्याकडची सोडलेली पाच तासं आता वेगळी मोजा, चारही बाजूंची, बाजूला दहा बोंडं. ती प्लॉटच्या आकड्यात मिसळायची नाहीत. कीड आली कुठून, हे कडेचे आकडे सांगतात. फवारायचं की नाही, हे आतले आकडे ठरवतात.

दोन माणसं असतील तर हे काम एका सकाळीत होतं.

आता आकडे वाचायचे कसे? शिफारस अशी आहे : २० हिरव्या बोंडांत २ किंवा जास्त बोंडं अळीची निघाली, म्हणजे १० टक्के, की आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवाऱ्याचा खर्च परवडतो ती पातळी, ओलांडली. हा नियम बरोबर आहे, पण तो कशाला लावायचा यात चूक होते. समजा तुमच्या सहा प्लॉटचे आकडे ५, ४, २, १, ०, ० असे आले. बेरीज १२, म्हणजे १२० बोंडांत १० टक्के. सगळ्या वावराची एकच सरासरी काढणारा म्हणेल, पातळी गाठली, सहाही एकर फवारा. आता दुसरे आकडे घ्या : २, २, १, ३, २, २. बेरीज पुन्हा १२, सरासरी तीच. पण ही दोन वावरं एकसारखी नाहीत. पहिल्यात कीड गोठ्याकडे गोळा झाली आहे आणि नाल्याकडची दोन एकरं अजून सुटलेली आहेत. दुसऱ्यात ती वावरभर पसरली आहे, तिथे अर्धा फवारा म्हणजे वाया.

कीटकशास्त्रात यासाठी एक सोपं गणित आहे. प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करा, फरकाचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा आणि प्लॉटच्या संख्येतून एक कमी करून भागा. याला विचरण म्हणतात. पहिल्या उदाहरणात सरासरी २, फरकांच्या वर्गांची बेरीज २२, भागिले ५ म्हणजे ४.४. दुसऱ्यात बेरीज २, भागिले ५ म्हणजे ०.४. विचरण सरासरीच्या आसपास असेल तर कीड कशीही विखुरलेली, सरासरीहून बरंच मोठं असेल तर ती गोळ्यांनी, आणि बरंच लहान असेल तर ती सगळीकडे सारखी. ४.४ हे २ च्या दुपटीहून जास्त आहे. फक्त सहा आकड्यांच्या गणितावर फार भार टाकू नका, सहा आकडे नुसत्या योगायोगानेही वर-खाली होतात. त्यापेक्षा मोठा पुरावा नकाशावर दिसतो : आकडे उगमाकडून लांब जाताना ओळीने उतरतात का? ५-४, मग २-१, मग ०-०, अशी उतरंड ढिगापासून सुरू होत असेल तर गणिताशिवायही गोष्ट स्पष्ट आहे. पण मोठे आकडे १ आणि ६ नंबरमध्ये आणि मधले प्लॉट रिकामे, असं निघालं तर नाल्यापलीकडे दुसरा उगम शोधा.

शून्यावर लगेच विश्वास टाकू नका, हे मुद्दाम सांगतो. एखाद्या प्लॉटमध्ये खरोखर १० टक्के कीड असेल आणि तुम्ही २० बोंडं फोडली, तर दर आठ वेळांत एकदा एकही अळी सापडणार नाही. दहातून चार वेळा दोनपेक्षा कमी सापडतील. म्हणजे नुसत्या २० बोंडांवर ‘काही नाही’ म्हणून घरी येणं धोक्याचं. तेच ६० बोंडं फोडली तर एकही न सापडण्याची शक्यता हजारात दोनवर येते. सगळीकडे ६० फोडायची गरज नाही. असं करा : प्लॉटमध्ये ३ किंवा जास्त निघाली तर निर्णय झाला, तो फवाऱ्यात घाला. १ किंवा २ निघाली तर त्याच प्लॉटमधून आणखी २० घ्या आणि ४० मध्ये ४ झाली तर फवाऱ्यात, कमी राहिली तर पाच दिवसांनी परत मोजा. शून्य निघालं आणि शेजारचा प्लॉट पातळीच्या वर असेल तरीही आणखी २० घ्या. शून्य निघालं आणि शेजारही रिकामा असेल तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबा.

सापळ्यांचं आता. आठ पतंग प्रति सापळा प्रति रात्र, सलग तीन रात्री, ही पातळी तुमच्या सापळ्यांनी ओलांडली हे खरं. पण सापळे ढिगाच्या शेजारी आहेत. ते बहुतेक ढिगातले आणि लगतच्या तासांतले पतंग ओढतात. गोठ्यावर रात्रभर बल्ब जळत असेल तर त्या उजेडाकडे येणाऱ्या पतंगांचीही त्यात भर पडते. शिवाय सापळ्यात येतो तो फक्त नर. पतंग किती आणि कधी वाढले, हे सापळा चांगलं सांगतो. अंडी कुठे घातली, ते बोंडच सांगतं.

पाहणीसाठी हेक्टरी ५ सापळे लागतात, म्हणजे एकरी दोन. तुमच्या वावराला १२ हवेत. एवढे आत्ता जमत नसतील तर निदान प्रत्येक प्लॉटच्या मध्यावर एक, असे सहा लावा. दोन सापळ्यांत ५० मीटर अंतर ठेवा, नाहीतर ते एकमेकांचे पतंग ओढतात. सापळा पिकाच्या शेंड्यापासून एक ते दीड फूट वर हवा. पीक वाढलं की तोही वर सरकवा, पानांत बुडालेला सापळा गंध पसरवत नाही. सगळ्या सापळ्यांचे ल्युर (मादीच्या गंधाच्या गोळ्या) एकाच कंपनीचे, एकाच दिवशी बदललेले असू द्या. एकीकडे ताजा आणि दुसरीकडे महिन्याचा जुना ल्युर असेल तर नकाशावर जी उतरंड दिसेल ती ल्युरच्या वयाची असेल, किडीची नाही. अमेरिकन बोंडअळीचा ल्युर हाताळून त्याच हाताने गुलाबीचा लावू नका. रिकामी पाकिटं वावरात फेकू नका, त्यांनाही वास असतो. पतंग रोज सकाळी मोजून पिशवी रिकामी करा. तीन दिवसांनी एकदम मोजलेत तर आकड्याला तीनने भागा. ‘सापळ्यात २४ पतंग’ ऐकून फवारलेल्या वावरांत पुष्कळदा ते तीन रात्रींचे असतात.

आपल्याकडे अमावस्येच्या आगेमागे फवारा मारायची सवय आहे. अमावस्येच्या आसपास मोजणी जरूर करा, त्या दिवसांत अंडी जास्त घातली जातात असा अनुभव आहे. फवारा मात्र तुमच्या वहीतल्या आकड्यावर ठरू द्या, पंचांगावर नको.

समजा उद्याचे आकडे पहिल्या उदाहरणासारखेच आले, आणि आणखी २० बोंडं घेतल्यावर ३ नंबरमध्ये ४० मध्ये ४ झाली, ४ नंबरमध्ये झाली नाहीत. मग १, २ आणि ३ नंबर पूर्ण फवारा. ४, ५ आणि ६ नंबरची जी तासं फवारलेल्या प्लॉटना लागून आहेत, त्यातली दहा-पंधरा तासंही घ्या, कारण तुम्ही तुराटी रोवली तिथे पतंग थांबत नाही. बाकीचं सोडा. सहापैकी चार प्लॉट पातळीच्या वर निघाले तर मात्र हिशेब करत बसू नका, सहाही एकर फवारा. उरलेल्या दोन एकरांत वाचणारे पैसे पुढच्या आठवड्याच्या पळापळीत जातील.

अर्धं फवारल्यावर अळी उरलेल्या अर्ध्यात जाईल का, असं विचारलंत. अळी जात नाही. ती बोंडाच्या आत असते, फवाऱ्याने उठून शेजारच्या झाडावर चालत जात नाही. जाऊ शकते ती मादी पतंग, आणि ती फवारलं नाही तरी जाणारच असते. त्यासाठीच न फवारलेल्या प्लॉटची मोजणी पाचव्या ते सातव्या दिवशी परत करायची. ती मोजणी चुकणार असेल, घरी लग्न आहे, मजूर नाहीत असं काही असेल, तर अर्ध्या फवाऱ्याच्या भानगडीत पडू नका. अर्धा फवारा आणि पुढची मोजणी ही एकच गोष्ट आहे.

औषधाची वेळ त्या तीन रकान्यांवरून ठरते. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही. औषध लागू पडतं ते अंड्यातून निघून बोंडात शिरेपर्यंतच्या अळीवर आणि थोडंफार पतंगावर. बारीक अळ्यांचा रकाना मोठा आणि सापळ्यात पतंग वाढते असतील तर आता अंडी पडत आहेत, लगेच फवारा. ‘भोक पाडून गेलेली’ हा रकाना मोठा आणि सापळे रिकामे असतील तर अळ्या मातीत कोषात आहेत. आठ-दहा दिवसांत पतंग निघतील. त्या मधल्या दिवसांत मारलेला फवारा फुकट जातो. सापळ्यातले पतंग परत वाढायला लागले की फवारा.

औषध कोणतं आणि किती? इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एकरी ८८ ग्रॅम, २०० लिटर पाण्यात. १० लिटरला ४.४ ग्रॅम, १५ लिटरच्या पंपाला ६.६ ग्रॅम. एकरी तेरा-चौदा पंप लागतात. मजूर घाईत आठ पंपांत एकर उरकतात आणि मग औषध चालत नाही म्हणतात. तीन महिन्यांच्या दाट कपाशीत बोंडं खालच्या आणि मधल्या फांद्यांवर असतात, तिथपर्यंत तुषार जायला हवेत. पॉवर पंपाला पाणी कमी लागतं, तेव्हा औषध पाण्याच्या हिशेबाने न घेता एकराच्या हिशेबाने घ्या. एकरी ८८ ग्रॅम कायम.

दोन औषधं मिसळू नका. कृषी केंद्रवाल्याचा हेतू वाईट असेल असं नाही, पण मिसळल्याने अळी दुप्पट मरत नाही. खर्च दुप्पट होतो, आणि पुढच्या खेपेला बदलून वापरायला हातात काही उरत नाही. पुढचा फवारा लागलाच तर वेगळ्या गटातलं औषध घ्या. सायपरमेथ्रीन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रीन या गटातली औषधं आत्ता नकोत, नोव्हेंबरच्या आधी ती मारली की पांढरी माशी उसळते. न फवारलेल्या प्लॉटवर हवा तर ५ टक्के निंबोळी अर्क मारा : ५ किलो निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून, १०० लिटर पाणी करा. त्याने अंडी घालणं कमी होतं आणि मित्रकीटक वाचतात.

यवतमाळात २०१७ साली काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. पीक डोक्याएवढं असेल तर तुषार वाऱ्याच्या दिशेने सोडत, स्वतः मागे सरकत फवारा, तोंडावर मास्क, हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. उपाशीपोटी पंप खांद्यावर घेऊ देऊ नका, मजुरालाही नाही. दुपारच्या उन्हात अजिबात नको.

खर्चाकडे बघू. एकरी फवारणीला औषध-मजुरी मिळून समजा १,००० रुपये लागले आणि कापसाला किलोला ७० रुपये मिळाले, तर फवारा फिटायला १४ किलो कापूस वाचला पाहिजे. बोंडाचं वजन ४ ग्रॅम धरलं तर ती झाली ३,५०० बोंडं. चार बाय दीड फुटावर एकरी सुमारे ७,२०० झाडं बसतात, म्हणजे झाडामागे अर्धं बोंड. हे वाचून वाटेल, मग सगळीकडेच फवारावं. पण एका अळीने पूर्ण बोंड जात नाही, एक-दोन कप्प्यांची कवडी (खराब, डागाळलेला कापूस) होते. फवाऱ्याने सगळ्या अळ्या थांबत नाहीत, आणि आधीच किडलेली बोंडं तर त्याने वाचतच नाहीत. शिवाय प्रत्येक फवाऱ्याने मित्रकीटक मरतात, त्याची किंमत पुढच्या पंधरवड्यात मोजावी लागते. म्हणून पातळी १० टक्क्यांवर ठेवली आहे. पातळीच्या वरच्या प्लॉटमध्ये मात्र हात आखडू नका, तिथे फवारा सहसा फिटतो.

ही प्लॉटची पद्धत बोंडअळीसाठी सांगितली. पिठ्या ढेकूण याहूनही गोळ्याने असतो. धुऱ्यावरच्या गाजरगवतापासून सुरू होतो, पाच-दहा झाडं पांढरी आणि बाकी वावर स्वच्छ. तिथे प्लॉट नको, तेवढी झाडं आणि भोवतालची दोन तासं फवारली की पुरे. मावाही चट्ट्यांनी येतो. तुडतुडे आणि फुलकिडे मात्र बरेच सारखे पसरतात, त्यांना एकराची सरासरी चालते : २० झाडं, प्रत्येकाची वरचं-मधलं-खालचं अशी तीन पानं, आणि पानामागे तुडतुड्याची दोन-तीन पिल्लं निघाली तर पातळी.

गोठ्यामागचा ढीग आता हलवून यंदा फारसा उपयोग नाही, त्यातले पतंग बहुतेक निघून गेले. मात्र यंदाची पऱ्हाटी त्या जागी रचायची नाही, हे आताच घरात ठरवा. डिसेंबरअखेर शेवटचा वेचा करून कपाशी काढून टाका. फरदड ठेवू नका. ओलीत देऊन मार्चपर्यंत ओढलेली कपाशी म्हणजे पुढच्या सालच्या अळीला दिलेलं घर. वावर मोकळं करण्याआधी त्यात शेळ्या-मेंढ्या बसवा, त्या उरलेली हिरवी बोंडं खातात. पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून मातीत किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात घाला. चुलीला लागतेच तेवढी ठेवायची असेल तर लटकलेली बोंडं झाडून ठेवा, ढीग वावरापासून जितका लांब नेता येईल तितका न्या आणि पेरणीच्या आत तो संपेल इतकाच ठेवा.

मीलनात अडथळा आणणारी गंधाची नळी किंवा पेस्ट कुणी विकायला आलं तर एक लक्षात ठेवा. ती एकट्याच्या एक-दोन एकरांत नीट चालत नाही, कारण गाभण मादी शेजारच्या वावरातून येऊन अंडी घालते. तुमचं, शेजाऱ्याचं आणि नाल्यापलीकडचं वावर मिळून पंचवीस-तीस एकराचा सलग पट्टा होत असेल आणि सगळे पाती लागायच्या वेळी एकदमच लावणार असतील, तरच पैसे घाला. शेजारी भाऊबंद असेल तर बोलणी पुढच्या जूनमध्ये सुरू करायची वेळ आहे. त्याला तुमचा नकाशा दाखवा. त्याच्या फवाऱ्यानंतर सात दिवसांनी तुमच्या सामाईक धुऱ्यावरची दहा बोंडं त्याच्यासमोर फोडा, म्हणजे त्यालाही कळेल की फवारा लागला की नाही.

फवारा मारल्यावर सातव्या दिवशी सहाही प्लॉट परत मोजा, त्याच रस्त्याने नाही, दुसऱ्या तासांतून. फवारलेल्या प्लॉटमध्ये मोठ्या अळ्या आणि भोकं दिसतील, घाबरू नका, त्या आधीच्या आहेत. फक्त बारीक अळ्यांचा रकाना बघा. तो खाली आला असेल तर औषध लागलं. नाही आला, तर पंप किती लागले, नोझल कसं होतं, फवाऱ्यानंतर किती तासांत पाऊस आला, हे त्याच पानावर लिहा आणि दोन्ही मोजण्यांचे आकडे आम्हाला कळवा.